हृदय-फुफ्फुसांचा कृत्रिम आधार: ‘एक्मो’ कार्यक्रम कसा चालतो, कोण चालवतो

अतिदक्षता विभागाबाहेर बसलेल्या नातेवाइकांच्या कानावर ‘एक्मो’ हा शब्द पडतो तो बहुधा सर्व उपाय थकल्यासारखे वाटत असताना. तमिळनाडूच्या मुख्यमंत्री जयललिता यांना डिसेंबर २०१६ मध्ये हृदयक्रिया थांबल्यानंतर या यंत्रावर ठेवल्याची बातमी आली आणि देशभरातील वर्तमानपत्रांतून हा शब्द प्रथमच घरोघरी पोहोचला. २०२० मध्ये गायक एस. पी. बालसुब्रमण्यम यांच्या आजारपणात तो पुन्हा ऐकू आला. दोन्ही रुग्ण वाचले नाहीत. त्यामुळे एक्मो म्हणजे शेवटची घटका, असा समज काहींच्या मनात रुजला, तर काहींना ते कोणालाही परत आणणारे जादूचे यंत्र वाटू लागले. दोन्ही समज चुकीचे आहेत. योग्य रुग्णाला, योग्य वेळी आणि तयार हातांनी दिला गेला तरच हा आधार उपयोगी पडतो. म्हणून यंत्र कोणत्या कंपनीचे आहे यापेक्षा तो कार्यक्रम कोण चालवतो आणि कसा चालवतो, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो. नाशिकसारख्या वाढत्या शहराच्या संदर्भात या प्रश्नाची ही ओळख.

एक्मो म्हणजे काय?

शरीराबाहेर बसवलेल्या कृत्रिम फुफ्फुसातून रक्त फिरवून त्यात प्राणवायू मिसळणे आणि कर्बवायू काढून घेणे, एवढेच या यंत्राचे मूळ काम आहे. मांडीच्या किंवा मानेच्या मोठ्या शिरेत जाड नळी, म्हणजे कॅन्युला, घालून रक्त बाहेर घेतले जाते. पंप ते ‘ऑक्सिजनेटर’मध्ये ढकलतो. ऑक्सिजनेटरमध्ये हजारो पोकळ सूक्ष्म तंतू असतात. तंतूंच्या आतून वायू आणि बाहेरून रक्त वाहते आणि दोहोंची देवाणघेवाण होते. प्रौढ रुग्णात साधारणपणे मिनिटाला ३ ते ५ लिटर रक्त अशा रीतीने फिरत असते. परत देताना ते शरीराच्या तपमानावर आणले जाते.

याचे मुख्य प्रकार दोन. रक्त शिरेतून घेऊन शिरेतच परत दिले तर फक्त फुफ्फुसाला आधार मिळतो. यास ‘व्हीव्ही’ म्हणतात. शिरेतून घेऊन धमनीत दिले तर हृदयालाही आधार मिळतो. हा ‘व्हीए’ प्रकार. तीव्र न्यूमोनियात पहिला, तर हृदयस्नायूंचा अचानक दाह किंवा हृदयविकारामुळे आलेला आघात अशा अवस्थेत दुसरा वापरला जातो.

एक्मो रोग बरा करीत नाही, हे लक्षात ठेवले पाहिजे. सुजलेले फुफ्फुस किंवा दमलेले हृदय सावरेपर्यंत ते वेळ मिळवून देते. फुफ्फुसाचे काम बाहेर होऊ लागले की व्हेंटिलेटरचा दाब कमी करता येतो आणि आजारी फुफ्फुसाला विश्रांती मिळते. पण अवयव सावरण्याची शक्यता नसेल आणि प्रत्यारोपणही करता येणार नसेल, तर हा पूल कोठेच जात नाही.

अर्धशतकाचा प्रवास

या तंत्राचे मूळ शस्त्रक्रियागृहातील हृदय-फुफ्फुस यंत्रात आहे. अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे डॉ. जॉन गिबन यांनी ६ मे १९५३ रोजी या यंत्राच्या साह्याने हृदयावरील पहिली यशस्वी खुली शस्त्रक्रिया केली. परंतु ते यंत्र काही तासांसाठीच वापरता येत असे, कारण त्यात रक्त आणि वायू यांचा थेट संपर्क होऊन रक्तपेशींची हानी होई. मध्ये पातळ पडदा ठेवण्याची युक्ती साधल्यावर दिवसचे दिवस आधार देणे शक्य झाले. १९७१ मध्ये कॅलिफोर्नियात डॉ. डोनाल्ड हिल यांच्या चमूने अपघातात जबर जखमी झालेल्या २४ वर्षांच्या तरुणाला ७५ तास असा आधार देऊन वाचविले. १९७५ मध्ये डॉ. रॉबर्ट बार्टलेट यांनी एका नवजात बालिकेला वाचवून बालरोगशास्त्रात नवे दालन उघडले.

मात्र १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील ९० प्रौढ रुग्णांच्या अभ्यासाने उत्साहावर पाणी पडले. एक्मो मिळालेल्या आणि न मिळालेल्या दोन्ही गटांत दहातील जेमतेम एक रुग्ण वाचला होता. पुढची बरीच वर्षे हे तंत्र मुख्यतः नवजात बालकांपुरते राहिले. १९८९ मध्ये जगभरातील केंद्रांची नोंद ठेवणारी ‘एल्सो’ ही संघटना स्थापन झाली. भारतात एक्मो सोसायटी ऑफ इंडिया २०१० मध्ये अस्तित्वात आली.

२००९ हे वर्ष कलाटणीचे ठरले. त्या वर्षी स्वाइन फ्लूची साथ आली. भारतातील या साथीचा पहिला बळी ऑगस्ट २००९ मध्ये पुण्यात गेला. त्याच वर्षी ब्रिटनमधील ‘सीझर’ या अभ्यासाचे निष्कर्ष आले. १८० रुग्णांपैकी ज्यांना लेस्टर येथील एक्मो केंद्राकडे पाठविण्याचे ठरले, त्यांतील ६३ टक्के रुग्ण सहा महिन्यांनी गंभीर अपंगत्वाशिवाय जिवंत होते. स्थानिक रुग्णालयात नेहमीचे उपचार घेतलेल्यांत हे प्रमाण ४७ टक्के होते.

या आकड्यांतील मेख अशी की, लेस्टरच्या गटातील सुमारे चौथ्या हिश्शाच्या रुग्णांना प्रत्यक्षात एक्मो लावलेच गेले नाही. तरीही पूर्ण गटाचा निकाल चांगला आला. रुग्ण अनुभवी केंद्रात वेळेवर पोहोचणे हाच उपचाराचा मोठा भाग आहे, असा त्याचा अर्थ काढता येतो. कार्यक्रमप्रमुखाच्या कामाचे सारे मर्म येथे आहे.

प्रमुखाचे पहिले काम: ‘हो’ आणि ‘नाही’

एक्मो कार्यक्रमाचा प्रमुख अतिदक्षता तज्ज्ञ, हृदयशल्यचिकित्सक किंवा भूलतज्ज्ञ असू शकतो. पदवीपेक्षा या तंत्राचे स्वतंत्र प्रशिक्षण व अनुभव महत्त्वाचा. त्याची खरी कसोटी रुग्ण निवडताना लागते. नळ्या घालण्याचे कौशल्य त्यामानाने शिकता येते.

फुफ्फुसाच्या आजारात सर्वसाधारण निकष असे आहेत: व्हेंटिलेटर उत्तम रीतीने लावूनही, रुग्णाला पालथे झोपवूनही रक्तातील प्राणवायूचे प्रमाण काही तास धोकादायक पातळीखाली राहणे, किंवा कर्बवायू साचून रक्त आम्लधर्मी होणे. आजार बरा होण्याजोगा असला पाहिजे. जास्त दाबाच्या व्हेंटिलेटरवर आठवड्याहून अधिक काळ गेला असेल तर लाभाची शक्यता घटते. पसरलेला कर्करोग, मेंदूला झालेली भरून न येणारी इजा, मोठा रक्तस्राव अशा वेळी ‘नाही’ म्हणावे लागते. तीस वर्षांच्या रुग्णाच्या वडिलांसमोर हा शब्द उच्चारणे सोपे नसते. पण निकष आधी लिहून ठेवलेले असतील आणि निर्णय दोन-तीन ज्येष्ठ डॉक्टरांनी मिळून घेतला असेल, तर तो रुग्णाच्या ओळखीवर किंवा खिशावर अवलंबून राहत नाही.

अलीकडच्या अभ्यासांनीही सावधगिरीचाच इशारा दिला आहे. २०१८ च्या ‘इओलिया’ अभ्यासात ६० दिवसांतील मृत्यू एक्मो गटात ३५ टक्के, तर दुसऱ्या गटात ४६ टक्के होते. हा फरक मोठा दिसत असला तरी संख्याशास्त्राच्या कसोटीवर तो निर्णायक ठरला नाही. हृदयविकारामुळे आलेल्या आघातात सरसकट एक्मो लावून फायदा होत नाही, असे २०२३ मध्ये जर्मनीत झालेल्या मोठ्या अभ्यासात दिसले. तेथे दोन्ही गटांत ३० दिवसांतील मृत्यू जवळजवळ सारखेच, अर्धे-अर्धे, होते.

जागतिक नोंदवहीतील सरासरी पाहिली तर फुफ्फुसासाठी एक्मो मिळालेल्या प्रौढांपैकी दहातले साधारण सहा जण घरी जातात. हृदयासाठी घेतलेल्यांत हे प्रमाण निम्म्याहून कमी असते, तर हृदय बंद पडलेले असताना एक्मो लावलेल्यांत सुमारे तीनात एक.

ग्रामीण महाराष्ट्राला आणि शेतीप्रधान नाशिक जिल्ह्याला जवळचा वाटेल असा एक विषय म्हणजे धान्य टिकविण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडची विषबाधा. यावर उतारा नाही. विष हृदयाचे स्नायू दुबळे करते. पण तो परिणाम बराचसा तात्पुरता असल्याने ते दिवस निभावून नेता आले तर रुग्ण वाचू शकतो. लुधियाना येथील डॉक्टरांनी या विषबाधेत एक्मोचा वापर करून आपले अनुभव प्रसिद्ध केले आहेत. परदेशी पाठ्यपुस्तकांत ज्याला फारसे स्थान नाही, असा हा आपल्याकडील प्रश्न आहे.

दुसरे काम: माणसे उभी करणे

हृदयशस्त्रक्रिया होते त्या रुग्णालयात हृदय-फुफ्फुस यंत्र चालविणारे परफ्युजनिस्ट असतातच. त्यामुळे एक्मो सुरू करणे सोपे वाटते. परंतु शस्त्रक्रिया चार-सहा तासांत आटोपते, तर एक्मो आठवडा, कधी महिनाभर चालते. रात्री तीन वाजता ऑक्सिजनेटरमध्ये रक्ताची गुठळी धरू लागली तर ती ओळखणारे डोळे तेथे हजर हवेत. म्हणून एका रुग्णामागे प्रत्येक पाळीत एक स्वतंत्र परिचारिका आणि सर्किट सांभाळणारी प्रशिक्षित व्यक्ती लागते. तीन पाळ्या, सुट्ट्या, आजारपण धरले तर एकाच रुग्णासाठी किती मनुष्यबळ राखून ठेवावे लागते, याचा अंदाज वाचकांना येईल.

या माणसांना संकटांचा सराव द्यावा लागतो. नळीत हवा शिरली, पंप थांबला, कॅन्युला निसटली, वीज गेली, अशी प्रत्येक आपत्ती सलाइनने भरलेल्या सर्किटवर घडवून आणून पाठ करून घेतली जाते. पंप बंद पडल्यास हाताने फिरविण्याचा दांडा यंत्रालगतच असतो. तो कोण फिरविणार आणि व्हेंटिलेटर कोण वाढविणार, हे आधी ठरलेले नसेल तर पहिले मौल्यवान मिनिट गोंधळात जाते.

रक्त गोठू नये म्हणून हेपारिन द्यावे लागते. त्यातून रक्तस्राव, विशेषतः मेंदूतील रक्तस्राव, हा या उपचारातील मोठा धोका आहे. व्हीए प्रकारात मांडीच्या धमनीतील नळीमुळे पायाचा रक्तपुरवठा तुटू नये, म्हणून खालच्या बाजूस वेगळी बारीक नळी घालतात. जंतुसंसर्ग, मूत्रपिंड निकामी होणे हेही नेहमीचे. साहजिकच रक्तपेढी, प्रयोगशाळा, डायलिसिस, क्ष-किरण विभाग हे सर्व चोवीस तास या कार्यक्रमाशी बांधलेले असावे लागतात. फिजिओथेरपिस्ट आणि आहारतज्ज्ञही. कारण यंत्रावरून उतरलेला रुग्ण अनेकदा उठून बसण्याइतकाही सशक्त नसतो आणि त्याला पूर्ववत होण्यास महिने लागतात.

अशा संघाचा हात सतत चालू राहावा लागतो. वर्षाला ३० हून अधिक प्रौढ रुग्ण हाताळणाऱ्या केंद्रांत मृत्यूचे प्रमाण सहाहून कमी रुग्ण हाताळणाऱ्या केंद्रांपेक्षा कमी असल्याचे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय विश्लेषणात आढळले. तज्ज्ञांच्या एका गटाने २०१४ मध्ये वर्षाला किमान २० रुग्णांची मर्यादा सुचविली होती. एका शहरातील पाच रुग्णालयांनी प्रत्येकी एक यंत्र घेऊन वर्षाला दोन-दोन रुग्ण करण्यापेक्षा, एका-दोघांनी ते काम नीट करणे आणि इतरांनी वेळेवर रुग्ण पाठविणे रुग्णांच्या हिताचे आहे.

नाशिकचा धडा

जीवनाधार यंत्रांविषयी लिहिताना नाशिककरांना २१ एप्रिल २०२१ विसरता येणार नाही. महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात, करोनाच्या दुसऱ्या लाटेच्या ऐन भरात, द्रवरूप प्राणवायूच्या टाकीला गळती लागली. पांढऱ्या धुराचे लोट उठले, जलवाहिनीसारख्या वाहणाऱ्या त्या पुरवठ्याचा दाब घसरला आणि सुमारे अर्धा तास पुरवठा विस्कळीत झाला. व्हेंटिलेटरवर व प्राणवायूवर असलेले २२ रुग्ण त्या दिवशी मरण पावले. व्हेंटिलेटर होते, डॉक्टर होते, परिचारिका धावत होत्या. परंतु भिंतीतील नळीत दाब नव्हता.

ही घटना एक्मोची नव्हती. पण प्रत्येक जीवनाधार कार्यक्रमाने ती समोर ठेवली पाहिजे. खाटेजवळचे अद्ययावत यंत्र आवारातील टाकी, झडप, मॅनिफोल्ड आणि ते सांभाळणारा तंत्रज्ञ यांच्याइतकेच विश्वसनीय असते. एक्मोच्या ऑक्सिजनेटरलाही प्राणवायू त्याच नळीतून मिळतो. तेव्हा प्रमुखाच्या फेरीत टाकीचाही समावेश असला पाहिजे. पर्यायी सिलिंडर आपोआप जोडले जातात की हाताने, त्यांवर किती वेळ निभावेल, प्रत्येक गंभीर रुग्णाच्या खाटेशी भरलेला छोटा सिलिंडर आहे काय, दाब घसरल्याचा भोंगा वॉर्डात ऐकू येतो काय आणि टाकी भरताना प्रशिक्षित माणूस हजर असतो काय, याची नोंद ठेवणे हे ‘मेंटेनन्स’चे काम म्हणून सोडून देता येत नाही.

अंतराचे गणित

नाशिकमध्ये महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय आहे. हृदय, मूत्रपिंड व कर्करोगाच्या विशेषोपचारांसाठी राज्य शासनाचे विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय आहे, वैद्यकीय महाविद्यालये व खासगी हृदयरुग्णालये आहेत. धुळे, नंदुरबार, जळगाव, अहिल्यानगर येथील रुग्ण याच शहराची वाट धरतात. मुंबई येथून सुमारे १७० किलोमीटर, पुणे त्याहून दूर. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाल्याने कसाऱ्याच्या घाटाला पर्याय मिळाला. तरीही प्राणवायूची पातळी टिकत नसलेल्या रुग्णाला साध्या रुग्णवाहिकेतून एवढ्या अंतरावर नेणे जोखमीचेच.

यावर जगभर रूढ झालेला उपाय असा: रुग्ण हलविण्याऐवजी केंद्राचा चमूच यंत्र घेऊन रुग्णाकडे जातो, तेथेच नळ्या घालतो आणि आधार सुरू झाल्यावर त्याला घेऊन परततो. त्यासाठी रुग्णवाहिकेत पुरेसा प्राणवायू, विजेची दुहेरी सोय, सुटे सर्किट आणि चार-पाच जणांना उभे राहण्याइतकी जागा लागते. त्याहून महत्त्वाचा असतो तो लवकर केलेला दूरध्वनी. मालेगाव किंवा कळवणच्या डॉक्टराने दुसऱ्या दिवशी विचारले, तर कदाचित व्हेंटिलेटरची मांडणी बदलून वा रुग्णाला पालथे झोपवूनच काम भागेल. दहाव्या दिवशी विचारले, तर बहुधा उशीर झालेला असतो. असा दूरध्वनी चोवीस तास घेणारा जाणकार नेमणे हे प्रमुखाचे, यंत्रखरेदीइतकेच, पायाभूत काम आहे.

पाया छातीदाबाचाच

हृदय अचानक थांबलेल्या रुग्णाला छातीदाब चालू असतानाच एक्मो जोडण्याचे प्रयोगही झाले आहेत. अमेरिकेतील मिनेसोटा येथील २०२० च्या छोट्या अभ्यासात त्याचा लाभ ठळक दिसला. नेदरलँड्समधील २०२३ च्या मोठ्या अभ्यासात तो तसा दिसला नाही. फरक पडतो तो किती लवकर छातीदाब सुरू झाला आणि चमू किती सरावलेला होता, यावर. मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल छातीदाब पहिल्याच मिनिटांत मिळाला नाही, तर पुढचे कोणतेही यंत्र मेंदू वाचवू शकत नाही. म्हणून रुग्णालयातील सर्व परिचारिका, वॉर्डबॉय, सुरक्षारक्षक यांना छातीदाबाचे शिक्षण देणे हे या कार्यक्रमाचेच अंग मानले जाते.

नाशिकला याची निकड वेगळी आहे. २००३ च्या सिंहस्थात येथे चेंगराचेंगरी होऊन अनेक भाविक प्राणास मुकले. गर्दीत चिरडलेल्या माणसाचा श्वास छाती दबल्यानेच थांबतो. २०२७ मध्ये गोदाकाठी पुन्हा शाही पर्वण्या भरत आहेत. त्या गर्दीत उपयोगी पडेल तो घाटावर छातीदाब देता येणारा स्वयंसेवक, ‘१०८’ची रुग्णवाहिका आणि तयार अतिदक्षता विभाग. एक्मो हे त्या साखळीचे शेवटचे टोक आहे.

थांबण्याचा निर्णय

सर्वांत अवघड जबाबदारी शेवटी येते. यंत्र रक्त फिरवीत राहते, पण फुफ्फुस किंवा मेंदू परत येणार नाही हे स्पष्ट झालेले असते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सन्मानाने मृत्यूचा हक्क मान्य केला आणि जानेवारी २०२३ मध्ये उपचार थांबविण्याची प्रक्रिया सुटसुटीत केली. त्यानुसार रुग्णालयातील प्राथमिक आणि दुय्यम अशी दोन वैद्यकीय मंडळे व कुटुंबीयांची संमती आवश्यक असते. मेंदुमृत्यूचा निर्णय मात्र १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याखाली स्वतंत्रपणे होतो. चांगला प्रमुख ही चर्चा शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवत नाही. ‘इतके दिवस प्रयत्न करू, अमुक दिसले नाही तर पुन्हा बसून बोलू’, असे तो नळ्या घालण्यापूर्वीच सांगतो. खर्च काही लाखांत जातो आणि दिवसागणिक वाढतो. तेव्हा हे बोलणे कुटुंबाला कर्जाच्या खाईतून वाचविणारेही असते.

नातेवाइकांनी काय विचारावे?

एक्मोचा सल्ला मिळाल्यास डॉक्टरांना पुढील प्रश्न निःसंकोच विचारावेत:

• मूळ आजार बरा होण्याजोगा आहे काय? हा आधार कशाची वाट पाहण्यासाठी देत आहात?
• या रुग्णालयात गेल्या वर्षभरात किती रुग्णांना एक्मो दिले, त्यांपैकी किती घरी गेले?
• रात्री यंत्राशेजारी कोण असेल?
• अधिक अनुभवी केंद्राकडे पाठविणे शक्य व हिताचे आहे काय?
• पहिल्या आठवड्याचा अंदाजे खर्च किती? सरकारी योजना किंवा विमा यातील किती उचलेल?
• उपयोग होत नसल्याचे केव्हा आणि कशावरून ठरविणार?

ज्या रुग्णालयाचा कार्यक्रमप्रमुख या प्रश्नांची उत्तरे आकड्यांनिशी आणि शांतपणे देतो, तेथे यंत्र चांगल्या हाती आहे असे समजण्यास हरकत नाही.